जयवंताबाईंचं नवं हाड

देगलूरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन जयवंताबाई हैदराबादेत काचीगुड्यात आल्या, तेव्हा त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. वर्षभरात त्या भाजीवालीशी तेलुगूत भांडायला लागल्या, दूधवाल्याशी दखनीत हसायला लागल्या, आणि घरात मात्र देगलूरची बोली जशीच्या तशी राहिली. बोलायला माणूस मिळालं की झालं, भाषा मागाहून येते, असं त्यांचं म्हणणं. नवरा प्रतापराव याच्या अगदी उलटा. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरी, सकाळी बस, संध्याकाळी बस, तोंडात मोजके शब्द, आणि कोणतीही नवी गोष्ट पुढे आली की पहिला प्रश्न, "कशाला?"

निवृत्तीनंतर दोघं मुलाकडे तारनाक्याला राहायला गेले. मुलगा रितेश कंपनीच्या कामानं बराचसा चेन्नईतच असे. त्यामुळे घर सून प्रियदर्शिनी चालवायची. ती हैदराबादेतच वाढलेली. मराठी फडाफड बोलायची, पण वाचायला दिलं की अडखळायची. बँकेत जायच्या आधी रोज सकाळी ती सायकल घेऊन विद्यापीठाच्या आवारात एक फेरी मारायची. सासूबाई तिच्याबरोबर निघायच्या आणि ती परत येईपर्यंत चालत राहायच्या.

एके दिवशी प्रिया परत आली तेव्हा जयवंताबाईंनी सायकलचं हँडल धरलं.

"प्रिया, ही बंडी मला जमंल का गं?"

"सायकल? तुम्हाला, आई?"

"माझ्या भावाची सायकल मीच पुसायचे. चेनला तेल मीच घालायचे. बसायचा मात्र तो. पुसून पुसून तिचा सांधा न् सांधा मला पाठ झाला, पण बूड काही टेकलं नाही. आता टेकून बघते."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. साडी चाकात जाईल म्हणून सुनेची ढगळ पँट आणि वर लांब कुर्ता, असा वेष ठरला. प्रिया मागून सीट धरून पळायची आणि पुढे जयवंताबाई, "सोडू नको, सोडू नको!" करत वेड्यावाकड्या जायच्या. फिरायला येणारे लोक थांबून बघायचे. कुणी "शाबाश अम्मा!" म्हणायचं. त्या कडुलिंबाच्या पाचोळ्यात पडल्या, एका मास्तरांच्या अंगावर गेल्या, चुकीचा ब्रेक दाबला. आणि एका सकाळी मागं वळून बघतात तर प्रिया लांब उभी, दोन्ही हात हवेत. सीट तिनं केव्हाच सोडली होती.

प्रतापराव कोपऱ्यावरच्या बाकावर बसून हे सगळं बघत. घरी आल्यावर म्हणत, "कशाला? साठी उलटली. पडलीस तर?"

"पडले तर उठंन."

पुढचे काही महिने जयवंताबाईंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. सकाळी रस्ता मोकळा असायचा, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, आणि उतारावर पायडल मारावं लागायचं नाही. कानात वारा भरायचा. घरी येऊन चहा करताना त्या एकट्याच हसायच्या. प्रतापरावांनी विचारलं, काय झालं, तर म्हणायच्या, "कुठं काय? उतार आठवला."

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. त्याच उतारावर झुडपांतून एक मोर निघाला आणि पिसारा ओढत, रमतगमत रस्त्याच्या मधोमध आला. त्या आवारात मोर काही नवे नव्हेत, पण हा बाजूला व्हायला तयार होईना. जयवंताबाईंनी घंटी वाजवली. मोरानं मान वळवून बघितलं आणि तिथंच थांबला. त्यांनी ब्रेक करकचून दाबला. सायकल एका अंगावर गेली आणि सगळं वजन उजव्या पायावर आलं.

प्रिया धावत आली. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. "मोर नीट गेला ना गं?"

रिक्षावाल्यानं आणि दोघा विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना उचलून आत बसवलं. "क्या हुआ अम्मा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"मोर आया बाबा बीच में," जयवंताबाई कण्हत म्हणाल्या. "उसकी गल्ली थी. मैंच घुसी."

निरोप मिळताच प्रतापराव घरून धावतपळत इस्पितळात पोचले. बायकोचा सुजलेला गुडघा बघितला आणि आयुष्यात कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला. "प्रिया, तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्ट्रेचरवरून जयवंताबाई म्हणाल्या, "तिला कामून बोलताव? मोराला बोला की."

हाडांच्या डॉक्टर होत्या चारुलता. काचीगुड्यातल्या जुन्या वकिली घराण्यातली मुलगी; ते घर जयवंताबाईंना ठाऊक होतं. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत, त्यामुळे बोलणं मराठी होतं, पण त्याला तेलुगूचा आणि उर्दूचा चांगला मुलामा चढलेला. रुग्ण मराठी आहे म्हटल्यावर त्या आवर्जून मराठीत बोलायला लागल्या. टेबलावर हाडांचा नमुना होता, तो त्यांनी जवळ ओढला.

"हे नडगीचं हाड, अम्मा. वरून सपाट, पाटासारखं. त्यावर मांडीचं हाड बसतं. तुम्ही पडलात तेव्हा मांडीच्या हाडानं या पाटाला वरून ठोसा दिला. आत सगळं स्पंजासारखं असतं. ते चेपलं आणि पाट एका बाजूला खचला. तो मी खालून उचलून परत जागेवर आणणार. पण उचलला की त्याच्याखाली पोकळी राहते."

"मग बुजवा की ती."

"तेच विचारायचं आहे. कशानं बुजवू?"

एक तर जयवंताबाईंच्याच कमरेच्या हाडातला थोडा भाग काढून तिथं घालता आला असता. पण मग जखमा दोन, आणि कधी कधी गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त दिवस ठणकते. दुसरं म्हणजे जनावरांच्या हाडांपासून शुद्ध करून बनवलेले तुकडे मिळतात.

जयवंताबाईंनी दोन्ही हात वर केले. "नक्को, नक्को. म्या अंड्याचा केकसुद्धा खात नाही, आणि गुडघ्यात जनावर घेऊन फिरू?"

डॉक्टर हसल्या. "मग तिसरं ऐका. हे कारखान्यात बनतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक दाणे. कुणाच्याही अंगातलं नाही. दाण्यांना आरपार भोकं असतात. त्यांतून रक्त आत शिरतं. मग तुमच्या शरीरातल्या पेशी येतात. त्या दाणा थोडा थोडा विरघळवतात आणि तिथंच तुमचं स्वतःचं हाड बांधतात. वर्ष-दीड वर्षात दाणे बहुतेक नाहीसे होतात. हाड राहतं."

प्रतापराव पुढे सरकले. "आणि दाणे विरघळले, पण हाड आलंच नाही तर?"

"चांगला प्रश्न आहे, अंकल. म्हणून ते फार सावकाश विरघळणारं घेतो. हाड जसं येईल तसं त्यानं जावं. सगळ्यांच्याच अंगात हे अगदी बरोबर जमतं, असं मी म्हणणार नाही. म्हणून आधाराला पट्टी आणि स्क्रू घालते, आणि मधून मधून एक्स-रे काढून बघत राहते."

जयवंताबाई विचार करत होत्या. "म्हणजे हा भाडेकरूच झाला की. घरमालक येईपर्यंत राहायचं, घराला आधार द्यायचा आणि मालक आला की आपण होऊन निघून जायचं. डॉक्टरबाई, तुमच्या घरात एवढे वकील. असला भाडेकरू कुणी कधी बघितला का?"

डॉक्टर चारुलता इतक्या जोरात हसल्या की बाहेरून परिचारिका डोकावून गेली. "बघितला असता तर आमचं घर चाललं नसतं, अम्मा! आजोबांनी जन्मभर भाडेकरूंचेच खटले लढवले."

"मग घाला तेच. कुणाचं हाड उसनं नको आणि माझी कंबर पण नको."

ऑपरेशनच्या वेळी कमरेखाली बधिर केलं होतं, पण जयवंताबाई जाग्या होत्या, आणि जाग्या असून गप्प बसणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं. मध्ये कापडाचा पडदा होता. पलीकडून ठकठक आवाज यायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "सुतार बोलावलाव काय?"

"मीच सुतार, अम्मा. पाट वर उचलतेय."

थोड्या वेळानं डॉक्टरांनी पडद्यावरून हात उंच केला. हातात एक लहानशी वाटी होती आणि तीत पांढरे दाणे. "बघा, हे तुमचे भाडेकरू."

"अगं बाई! हा तर साबुदाणा!" जयवंताबाई म्हणाल्या. "शेंगदाण्याचं कूट राहिलं की बाई घालायचं."

त्या खोलीतली सगळी माणसं हसली. अशा हसण्यातच ते दाणे जयवंताबाईंच्या गुडघ्याखालच्या पोकळीत बसले.

पण घरी आल्यावरचे दिवस सोपे नव्हते. उजवा पाय जमिनीवर टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. गुडघा हलवायचा, वाकवायचा, पण त्याच्यावर भार द्यायचा नाही. ज्या बाईचा पाय घरात ठरत नसे, तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून पलंगावर, एवढंच उरलं. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा रडल्या. प्रिया बँकेत जाताना त्यांच्याकडे बघायची टाळायची. एकदा जयवंताबाईंनी तिला जवळ बसवलं.

"इकडं बघ. तू मला पाडलंस का?"

"मी शिकवलं नसतं तर..."

"तर म्या तशीच मेले असते, सायकल पुसत. त्यापेक्षा हा गुडघा बरा. डोळे पूस आणि येताना पेरू घेऊन ये."

स्वयंपाकाचा प्रश्न प्रतापरावांनी अंगावर घेतला. याआधी त्यांनी चहासुद्धा केलेला नव्हता. पहिल्या दिवशीचं वरण इतकं घट्ट झालं की भांडं उलटं केलं तरी ते पडेना. जयवंताबाई खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या, "मोहरी तडतडू द्या! अहो, आता जिरं! हिंग विसरलाव!" आणि प्रतापराव घाम पुसत फोडणीशी झुंजायचे. हळूहळू हात बसला. ज्वारीची भाकरी काही गोल होईना, पण चिंचेचं पाणी घालून केलेली त्यांची आमटी इतकी चांगली व्हायला लागली की शेजारच्या तेलुगू बाईंनी वाटीभर मागून नेली. त्या दिवशी प्रतापराव संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते.

एका दुपारी दोघं लसूण सोलत बसली होती. प्रतापराव मान खाली घालूनच म्हणाले, "मला सायकल येत नाही."

"काय?"

"येतच नाही. शाळेत असताना शिकायला गेलो, बाजारात सगळ्यांसमोर चिखलात पडलो. पोरं हसली. पुन्हा हातच लावला नाही. कचेरीतले सगळे सायकलवर यायचे, मी म्हणायचो, कशाला, बस बरी."

जयवंताबाईंना हसू फुटलं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते गिळलं. "मग मला कामून अडवत होताव?"

"तू पडशील ही भीती होतीच." प्रतापरावांनी एक पाकळी पुन्हा पुन्हा सोलली. "पण तू उतारावरून यायचीस तेव्हा मला... हेवा वाटायचा गं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मनातलं इतकं काही बायकोला कधी सांगितलं नव्हतं. जयवंताबाईंनी लसणीच्या हातानंच त्यांचा हात धरला.

एक्स-रे निघत गेले, तसा घरात वेगळाच सोहळा सुरू झाला. जयवंताबाई फोटो आणून खिडकीच्या काचेला लावायच्या आणि येईल त्याला दाखवायच्या. पहिल्या फोटोत पट्टी, स्क्रू, आणि पाटाखाली पांढऱ्या ठिपक्यांचा गच्च पुंजका दिसत होता. "हे बघा, माझा साबुदाणा." पुढच्या फोटोत ठिपक्यांच्या कडा धूसर झाल्या. त्यापुढच्या फोटोत काही ठिपके पुसट झाले आणि त्यांच्या मधून बारीक रेघांचं जाळं दिसायला लागलं. डॉक्टरांनी पेनानं दाखवलं, "हे जाळं तुमचं आहे. हे नवं."

शेजारणींना एक्स-रेमधलं काही कळत नव्हतं, पण पोटुशी बाईची विचारपूस करावी तशा त्या विचारायच्या, "किती झालं अम्मा? किती राहिलं?" जयवंताबाईही तितक्याच ऐटीत सांगायच्या, "अर्धे गेले. बाकीचे बांधाबांध करायलेत."

पायावर थोडा थोडा भार द्यायची परवानगी मिळाली, तेव्हा व्यायामासाठी इस्पितळात जाणं सुरू झालं. तिथे रोहन नावाचा फिजिओथेरपिस्ट होता. त्यानं पहिल्याच दिवशी त्यांना एका यंत्राकडे नेलं. जयवंताबाई बघतच राहिल्या. सायकल! चाकं नसलेली, जमिनीला पक्की बसवलेली सायकल.

"गुडघ्याला हाच सगळ्यात चांगला व्यायाम आहे, आई," रोहन म्हणाला. "भार कमी पडतो आणि सांधा मोकळा होतो."

जयवंताबाईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं. "ऐकलाव? सायकल हेच औषध!" आणि त्या चढून बसल्या. पहिली काही मिनिटं गुडघा कुरकुरला. चेहरा वाकडा झाला. मग पायडल फिरायला लागलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. रोहननं विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा. उतारावर आहे म्या. बोलू नको."

वर्ष उलटून गेल्यावरचा एक्स-रे डॉक्टर चारुलतांनी उजेडावर धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. प्रतापराव खुर्चीतून अर्धे उठले. पण डॉक्टर वळल्या त्या हसतच. ठिपके जवळजवळ गेले होते. दोन-चार पुसट खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. पाट सरळ होता, आणि त्याच्याखाली आजूबाजूच्या हाडासारखंच हाड होतं.

"कुठं जुनं संपलं आणि कुठं नवं सुरू झालं, मलाही नीट सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आता सायकल चालवा. फक्त मोराला वाट द्या."

मग त्या जरा घुटमळल्या. "अम्मा, एक काम आहे. शेजारच्या खोलीत पल्लवी नावाची मुलगी आहे. बिदरकडची. शाळेत खेळ शिकवते. तिलाही तुमच्यासारखंच झालंय. उद्या ऑपरेशन. फार घाबरलीये. मी सांगितलेलं तिला पटत नाही. तुम्ही बोलता?"

बोलता का, हे जयवंताबाईंना विचारायची गरजच नव्हती. पल्लवी पाय उंच ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती. जयवंताबाई आत गेल्या, चप्पल काढली, आणि खोलीतल्या मोकळ्या बाकावर चढून चक्क मांडी घालून बसल्या. गुडघा सहज वाकला. पल्लवीनं मान वळवली.

"हा बघ," आपला गुडघा थोपटत त्या म्हणाल्या. "हा पण असाच खचला होता. आत आता माझंच हाड आहे. हात लावून बघ."

पोरीनं संकोचून हात लावला. "मी परत पळू शकेन का हो?"

"ते डॉक्टरबाईंना विचार, त्या खोटं सांगत नाहीत. म्या एवढंच सांगते, की मला मोरानं पाडलं होतं."

"मोरानं?" पल्लवीच्या तोंडून हसू निसटलं.

मग मोराची सगळी गोष्ट झाली. सुताराची झाली, साबुदाण्याची झाली. वरणाचीही झाली, प्रतापराव दारात उभे असतानाच. अर्ध्या तासानं पल्लवी उठून बसली होती आणि चहा मागत होती.

पुढच्या आठवड्यात जयवंताबाई पुन्हा विद्यापीठाच्या रस्त्यावर सायकलवर बसल्या. प्रिया शेजारून दुसरी सायकल चालवत होती. दोघींनी पूर्ण फेरी मारली, उतारावर दोघी ओरडल्या. पण त्या सकाळची खरी बातमी त्यांच्यामागे घडली. परत येऊन बघतात तर बाक रिकामा. जरा पुढे प्रतापराव एका भाड्याच्या सायकलवर बसलेले, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकलेले, कपाळावर घाम.

"काय करायलाव?" जयवंताबाईंनी विचारलं.

"विचार करतोय," ते म्हणाले. "प्रिया, सीट धरतेस?"

प्रियानं सीट धरली. प्रतापरावांनी एक पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग निघाले. दोन झाडांमधलं अंतर ते हँडलशी कुस्ती खेळत गेले आणि पलीकडच्या गवतात अलगद आडवे झाले. फिरायला आलेली दोन पोरं हसली. गवतात पडल्या पडल्या प्रतापरावही हसायला लागले, आणि त्यांना उठवायला गेलेल्या जयवंताबाईंना हसू इतकं आवरेना की त्याही शेजारी बसल्या.

आता त्यांच्या जिन्याखाली तीन सायकली असतात. सोसायटीचे सेक्रेटरी प्रमोद यांनी जाण्यायेण्याला अडचण होते म्हणून तक्रार केली. जयवंताबाईंनी त्यांना घरात बोलावून आमटी-भात वाढला. परवापासून सेक्रेटरींच्या पत्नी विमल सकाळी ढगळ पँट घालून खाली उभ्या असतात.